अर्ज, अनुदान आणि आपला एक तृतीयांश



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते ते आपले कैलासवासी मुख्याध्यापक संस्कृत आणि गणित हे दोन विषय सारख्याच तन्मयतेने शिकवीत असत. परंतु त्यांचा तिसरा विषय, जो वेळापत्रकात नव्हता, तो म्हणजे पावती. खडूची पेटीदेखील पावतीवाचून ते शाळेत येऊ देत नसत. त्यांच्या कपाटातील पावतीपुस्तकांचे गठ्ठे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील, आणि विद्यार्थिदशेत त्यांची थोडीफार थट्टाही केली असेल. आज मी जो विषय घेतला आहे तो त्या गठ्ठ्यांशी जवळचे नाते सांगणारा आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर अथवा कादंबरीवर बोलावे ही अपेक्षा रास्तच होय. तरीही, आपल्यासारख्या छोट्या सार्वजनिक संस्थांनी सरकारी अनुदान कसे मागावे, ते मागण्याचा आपला अधिकार कोणता, आणि मागण्यापूर्वी आपण काय केलेले असावे, या प्रश्नांवर बोलावे असे मला वाटले. त्याला तसेच कारण घडले आहे.

शाळेच्या मागील गल्लीतील आपले मराठी वाचनालय आपण सर्व जाणता. त्याचे छप्पर गळते. सभासद घटले आहेत. जे आहेत त्यांतील पुष्कळांना आता जिना चढवत नाही. गेल्या वर्षी चालकांपुढे दोन पर्याय होते : ग्रंथ कोणाला तरी देऊन टाकून वाचनालय बंद करावे, किंवा दुरुस्तीसाठी सरकारी साह्य मागून पाहावे. दुसरा पर्याय ठरला आणि अर्जाचा मसुदा भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आला. मसुद्यात व्याकरणाची चूक एकही नव्हती. पण त्यात वाचनालयही कुठे नव्हते. 'समाजाच्या सर्वांगीण सांस्कृतिक उत्कर्षासाठी गेली अनेक दशके अविरत झटणारी ही संस्था' असा आरंभ होता आणि 'आपण उदार अंतःकरणाने कृपादृष्टी ठेवावी' असा शेवट. मधल्या दोन पानांत छप्पर कोठे गळते, किती गळते आणि दुरुस्तीस खर्च किती, यातले काहीही आढळले नाही. हा दोष त्या मसुदा लिहिणाऱ्या सज्जनांचा एकट्याचा नव्हे. आपल्या सगळ्यांच्या मनात अर्ज म्हणजे काय याविषयी जी कल्पना रुजली आहे, तिचा तो परिणाम आहे.

म्हणून प्रथम शब्दांकडे वळू. ती माझ्या पेशाची सवय आहे. 'अर्ज' हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ भाव मांडणे, पुढे ठेवणे असा आहे. 'विनंती' हा शब्द संस्कृतातील 'विज्ञप्ति' शब्दाशी नाते सांगतो, आणि विज्ञप्ती म्हणजे कळविणे. म्हणजे ज्या दोन शब्दांना आपण हात जोडून उभे केले आहे, त्या दोहोंच्याही मुळाशी याचना नाही, निवेदन आहे. वस्तुस्थिती अमुक आहे, ती आपणांस कळावी, हा अर्जाचा गाभा. याचनेचा वास त्याला पुढे दरबारी वातावरणात लागला. दरबार गेले, पण वास राहिला.

सार्वजनिक पैशाविषयी मराठी माणसांनी केलेल्या अर्जांचा इतिहास लिहिला गेला तर त्यात दक्षिणेच्या अर्जाला मानाचे पान द्यावे लागेल. तळेगावच्या दाभाडे सेनापतींकडून पेशव्यांकडे आलेली ही श्रावणातली दक्षिणा विद्वान ब्राह्मणांना वाटली जाई. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही. तिला कात्री लावली, आणि तिच्यातील काही रक्कम १८२१ साली पुण्यास निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविली. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी सरकारास अर्ज केला की, या निधीतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या मंडळींत केवढी खळबळ माजली असेल याची कल्पना करावी. अर्ज करणाऱ्यांच्या अंगावर लोक धावून येतील अशी भीती होती, आणि त्यांच्या रक्षणासाठी जोतीराव फुले यांनी माणसे उभी केली, असे जोतीरावांच्या चरित्रांत नमूद आहे. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी ग्रंथलेखनाला सरकारी पैशाचे पहिले नियमित पाठबळ मिळू लागले.

या अर्जाची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अर्जदारांनी नवा पैसा मागितला नव्हता. आधीच लोकांच्या नावाने खर्च होत असलेला पैसा कोणाकडे जातो, तो कोणाकडे जावयास हवा, एवढेच त्यांनी मांडले. यात कृपेचा प्रश्नच नव्हता. आणि याच कमिटीच्या इतिहासात दुसरेही एक प्रकरण आहे. ज्या जोतीरावांनी त्या अर्जासाठी माणसे उभी केली होती, त्यांनीच १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून कमिटीपुढे ठेवले, आणि कमिटीने ते नाकारले. जोतीरावांनी ही हकीकत १८७३ च्या 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवली. निधी मिळवून देणाऱ्यालाच निधीने दार लावले! नकार आला म्हणून त्यांनी लेखणी मात्र खाली ठेवली नाही. आज आपल्यातील एखाद्या संस्थेचा अर्ज एकदा परत आला की चालक म्हणतात, 'तिकडे ओळख लागते हो.' लागतही असेल, मी नाही म्हणत नाही. परंतु परत आलेला अर्ज पुन्हा वाचून पाहण्याची तसदी किती जण घेतात?

अनुदान या गोष्टीला आजचे रूप मिळाले ते १८५४ च्या वुडच्या खलित्याने. शाळांना सरकारने साह्य द्यावे, परंतु शाळेत लौकिक शिक्षण नीट दिले जावे, स्थानिक व्यवस्थापन सक्षम असावे, सरकारी तपासणीस मज्जाव नसावा, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घेतली जावी, अशा अटी त्यात होत्या. ही शेवटची अट पाहून पुष्कळांना नवल वाटते. फुकट शिकविणाऱ्या शाळेला अनुदान का नको? विचार असा होता की, ज्या शाळेसाठी पालक चार आणेही देत नाहीत तिची गावाला गरज आहे, हे सरकारने कशावरून मानावे? विचार पूर्णपणे बरोबर होता असे मी म्हणणार नाही. त्याकडे पुढे येईन. पण आज आपण जो कोणताही अनुदानाचा अर्ज भरतो त्यातील रकाने याच अटींची नातवंडे आहेत.

आता आपल्या बडोद्याकडे येतो. येथे मला जरा रेंगाळण्याची परवानगी असावी, कारण हे सांगण्याचा अधिकार आणि अभिमान दोन्ही या शहरातील माणसाला आहेत.

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. मूल वाचायला शिकले, पण शाळा सुटल्यावर त्याच्या हाती पुस्तक पडले नाही, तर सगळे शिकणे दोनचार वर्षांत पुसले जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यातून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करण्यात आले आणि मध्यवर्ती ग्रंथालयासह संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले जाऊ लागले. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयाच्या काचेच्या जमिनी आपण लहानपणी डोळे विस्फारून पाहिल्या आहेत. पण मला काचेपेक्षा महत्त्वाची वाटते ती त्या योजनेची आर्थिक घडी. ग्रामग्रंथालयाचा खर्च तीन वाट्यांत विभागलेला होता : एक वाटा गावकऱ्यांनी जमवायचा, एक प्रांत पंचायतीने द्यायचा, एक सरकारने. गावाने आपला वाटा उभा केला की बाकीचे दोन वाटे मागोमाग येत. गावाने काही केले नाही तर सरकारही आपणहून ग्रंथालय आणून बसवीत नसे. ज्या गावांत ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या जात, आणि त्या पेट्यांच्या वाहतुकीचा भारही लोकांवर टाकला जात नसे.

आणि हेही विसरता कामा नये की संस्थानाच्या या योजनेच्या आधी लोक जागे झालेले होते. मोतीभाई अमीन या चरोतरातील शिक्षकाने १९०६ पासून 'मित्रमंडळ' नावाने गावोगावी छोटी वाचनालये काढावयास आरंभ केला होता. पुढे संस्थानाच्या ग्रंथालय खात्यानेच त्यांना आपल्या कामात घेतले. म्हणजे सरकारी योजनेला माणूस मिळाला तो लोकांच्या योजनेतून.

या तीन वाट्यांच्या हिशेबात अर्ज करण्याची सगळी विद्या सामावलेली आहे असे मला वाटते. गावाचा वाटा ही केवळ रक्कम नव्हती. तो पुरावा होता. घरोघर फिरून वर्गणी गोळा करताना गावातल्या प्रत्येकाला एकदा तरी सांगावे लागले असणार की पुस्तके कशाला हवीत. ज्याने आणा दिला तो पुढे पुस्तक मागायला आला असणार, आणि पुस्तक फाटले तर त्याला ते बोचले असणार. गावाचा वाटा जमला तेव्हाच ग्रंथालय निम्मे उभे राहिलेले असे. उरलेल्या पैशाने त्याला कपाट मिळे.

परंतु येथेच मघाशी राखून ठेवलेली शंका उभी राहते. ज्यांच्यापाशी आणाही नाही त्यांचे काय? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हीच वेदना मांडली होती. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, असे सांगून त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. वर्गणीचा नियम समान दिसतो, पण तो ज्यांच्यापाशी आहे त्यांनाच आणखी देतो. पेशव्यांची दक्षिणा आणि काटेकोर नियमाचे अनुदान यांत अंतर असले, तरी दोन्ही आपोआप चालत जातात ते ज्यांचे घर रस्त्यावर आहे त्यांच्याकडेच. सयाजीरावांना ही मर्यादा कळली होती असे त्यांच्या कारभारावरून दिसते. अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी त्यांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या त्या सरकारी खर्चाने. तेथे आधी वर्गणी आणा म्हटले नाही. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, ती देताना संस्थानाच्या चाकरीची अट घातली खरी, पण घरची ऐपत विचारली नाही.

तेव्हा 'आपला एक तृतीयांश' हा शब्दप्रयोग मी रुपयांच्या अर्थाने करीत नाही. वस्तीतील बायकांनी आळीपाळीने दोन तास वाचनकक्ष उघडा ठेवणे हाही वाटा आहे. सेवानिवृत्त गवंड्याने मजुरी न घेता दुरुस्तीचे अंदाजपत्रक करून देणे हाही वाटा आहे. मात्र तो वाटा कागदावर आला पाहिजे, तारखेनिशी आणि सहीनिशी. येथे आपल्या कैलासवासी मुख्याध्यापकांचे पावतीपुस्तक कामास येते.

आजच्या व्यवस्थेकडे वळतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्याचा आधार आहे. अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार त्यांना परिरक्षण अनुदान मिळते. आपले कोल्हापूरचे वा सांगलीचे नातेवाईक त्याविषयी बोलतात आणि आपणांस वाटते की मराठी वाचनालय म्हटल्यावर हे आपल्यालाही लागू असणार. तसे नाही. अनुदान भाषेला मिळत नाही, त्या त्या राज्यातील संस्थेला मिळते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हाही वाचनालयाच्या कट्ट्यावर आनंदाने पेढे वाटले गेले आणि आता निधी येईल असे बोलले गेले. तो दर्जा संशोधन, अध्यासने, पुरस्कार यांच्या वाटेने जाणारा आहे. आपल्या गळक्या कौलांपर्यंत तो आपण होऊन येणार नाही. आपण गुजरातेत आहोत. येथे २००१ चा गुजरातचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, आणि आपला अर्ज गांधीनगरला जावयाचा आहे. तो गुजरातीत जावा हे उत्तम. मराठी वाचनालयाने गुजरातीत अर्ज करण्यात कमीपणा मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की याच शहरात १९३१ साली 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला, आणि त्यात राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती आणि मराठीसह सात भाषांतील पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत. मराठी राजाला जे शेजार चालले ते आपल्याला चालावयास हरकत नाही.

केंद्राच्या बाजूला राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. १९७२ साली, राममोहन राय यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, ते कलकत्त्यास स्थापन झाले. राज्य सरकारने काही रक्कम घालावयाची आणि प्रतिष्ठानने तीत आपली घालावयाची, ही त्याच्या साह्याची एक रीत. दुसऱ्या रीतीत प्रतिष्ठान एकटेच देते. पहिली रीत आपल्या तीन वाट्यांचीच बहीण, हे आपल्या लक्षात आले असेलच. अर्ज राज्याच्या ग्रंथालय खात्यामार्फत पुढे जातो. म्हणजे स्थानिक ग्रंथालय अधिकाऱ्याने एकदा तरी येऊन आपला वाचनकक्ष पाहिलेला असणे हे कोणत्याही शिफारसपत्राहून मोलाचे.

तिसरा मार्ग खासदारांच्या स्थानिक विकास निधीचा. याविषयी गैरसमज पुष्कळ. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आरंभी रक्कम ५ लाख होती, १९९४-९५ पासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून दरवर्षी ५ कोटी रुपये झाली. खासदारांच्या हाती यातील पैसाही येत नाही; ते काम सुचवितात, छाननी आणि मंजुरी जिल्हा प्रशासनाकडे असते, आणि भर टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेवर असतो. स्नेहसंमेलनाचा मांडव यातून उभा राहत नाही. म्हणून खासदारांच्या दारी हार घेऊन जाण्याआधी जिल्हा कचेरीत जाऊन अटींचे पुस्तक मागावे. शिवाय हा निधी एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात स्थगित झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. ज्यांनी त्याच्या भरवशावर भिंत अर्धी बांधून ठेवली होती त्यांचे काय झाले असेल, ते पाहावे.

आता कागदपत्रांविषयी. हे नीरस आहे, पण खरी अडचण येथेच असते. आपल्या वाचनालयाची नोंदणी जुनी, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची. तो मुंबई राज्याचा कायदा राज्य विभागल्यावर आपल्याकडेही चालू राहिला. त्या कायद्याप्रमाणे विश्वस्त बदलला, वारला वा निवृत्त झाला की ९० दिवसांत तसे चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत कळवावे लागते. यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. अर्जासोबत जोडण्यासाठी आम्ही नोंदवहीचा उतारा मागविला. उताऱ्यात नऊ विश्वस्तांची नावे आली. त्यांपैकी सहा जण कैलासवासी आहेत. त्यांतल्या दोघांच्या श्राद्धाला मी स्वतः जेवलो आहे. कायद्याच्या दृष्टीने आपले वाचनालय आज बहुतांशी स्वर्गस्थ मंडळी चालवीत आहेत, आणि अनुदानाचा धनादेश त्यांच्या सहीने वटला पाहिजे! सभागृहात हसू उमटले ते योग्यच, पण बडोद्यातील, इंदुरातील, बेळगावातील आपल्या किती संस्थांची हीच गत असेल? सभा झाल्या, नवे चालक निवडले गेले, हार घातले गेले, छायाचित्र निघाले. एक कागद मात्र कोणी नेऊन दिला नाही.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत अनुदान मागणाऱ्या संस्थेने काय द्यावे हे सरळ सांगितले आहे : घटना व नियमावली, लेखापरीक्षित हिशेब, उत्पन्नाची साधने आणि खर्चाची रीत. याच कामासाठी दुसऱ्या खात्याकडून पैसा घेतलेला वा मागितलेला नाही, असेही लिहून द्यावे लागते. पैसा मिळाल्यावर, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावयाचे. ज्या कामासाठी घेतला त्याच कामावर खर्च. अनुदानातून झालेली मालमत्ता सरकारच्या संमतीवाचून विकता येत नाही. यांत मला जाचक असे काही दिसत नाही. शाळेच्या सहलीचे पैसे गोळा करणारा वर्गनायकही एवढे करतोच. याखेरीज केंद्राच्या साह्यासाठी नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर संस्थेची नोंद करून क्रमांक घ्यावा लागतो. आमच्या पिढीला ते संगणकाचे काम जमत नाही, हे मान्य. पण समोर बसलेल्या तरुण माजी विद्यार्थ्यांना ते जमते.

आणि आता लेखनाविषयी, कारण अखेर मी भाषेचा माणूस आहे. त्या पहिल्या मसुद्यातील 'सर्वांगीण उत्कर्ष' आम्ही काढून टाकला. त्या जागी असे लिहिले : वाचनकक्षाचे छप्पर उत्तरेकडील भिंतीलगत दोन ठिकाणी गळते. पावसाळ्यात चार कपाटे खोलीच्या मध्यभागी आणून ठेवावी लागतात, त्यामुळे त्या महिन्यांत बसून वाचण्यास जागा उरत नाही. शेजारच्या गुजराती माध्यमाच्या शाळेतील मुले संध्याकाळी अभ्यासाला येतात. त्यांना त्या काळात परत पाठवावे लागते. दुरुस्तीचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. त्यातील एवढा भाग सभासदांनी जमविला आहे, पावत्यांची यादी जोडली आहे. उरलेल्या भागासाठी हा अर्ज. बस्स. दोन पानांचे अर्धे पान झाले.

पाहा, विशेषणे गेली तेव्हा ती मुले आत आली. पहिल्या मसुद्यात त्यांचा उल्लेखही नव्हता, कारण ती मराठी वाचीत नाहीत. चालकांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली की मराठी वाचनालयाच्या अर्जात गुजराती मुलांचे काय काम? मी त्यांना विचारले, 'दादा, सायंकाळी दिवा कोणासाठी लावता?' ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'लिहा.' सरकार ज्या पैशातून देणार तो त्या मुलांच्या आईबापांचाही आहे. त्यांना वगळून आपण तो मागू लागलो तर आपल्यात आणि जुन्या दक्षिणेच्या मानकऱ्यांत काय फरक?

अनुदान घेण्याविरुद्धही एक प्रामाणिक बाजू आहे. काही ज्येष्ठ म्हणतात, सरकारचा पैसा आला की सरकारचे नाक आत येते. ते खोटे नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, सरकारकडून भरीव अर्थसाह्य मिळणाऱ्या बिगरसरकारी संस्थाही येतात. उद्या कोणी आपल्या वाचनालयाचा हिशेब मागितला तर द्यावा लागू शकेल. मला विचाराल तर, ज्याला तो दाखविता येत नाही त्याने वर्गणीचाही हिशेब नीट ठेवला नसणार. मला खरी भीती वाटते ती दुसरीच. अनुदानाची सवय लागलेली संस्था हळूहळू आपल्या सभासदांकडे पाहीनाशी होते. वर्गणी वसूल करणे कंटाळवाणे वाटू लागते. चालक वाचकांपेक्षा कारकुनांना अधिक ओळखू लागतात. एका वर्षी अनुदान रखडते आणि वर्तमानपत्रेही बंद होतात. म्हणून छपरासाठी, कपाटासाठी, जे एकदाच लागते त्यासाठी मागावे. रोजच्या दिव्याचे तेल आपल्या घरून आणावे, हे माझे मत. सर्वांना ते पटेल असा आग्रह नाही. ज्या वस्तीत तेलाचीच वाण आहे तेथे हा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, हे वर सांगितलेच.

आणखी एक उल्लेख टाळता येत नाही. अर्ज 'करून देणारी' मंडळी हल्ली भेटतात. मंजूर रकमेतील अमुक टक्के आमचे, असे ती मोकळेपणाने सांगतात. आमच्याकडेही एक गृहस्थ आले होते. आम्ही त्यांना चहा दिला आणि अंदाजपत्रकात टक्क्यांचा रकाना नाही एवढे दाखविले. ते पुन्हा आले नाहीत. अर्ज एका कचेरीतून दोनदा त्रुटी दाखवून परत आला आहे. पहिली त्रुटी खरी होती. दुसरी, आमच्या समजुतीप्रमाणे, पाचव्या पानाचा कागद कोणी नीट न पाहिल्यामुळे निघाली. ते पान नम्रपणे दाखवून अर्ज तिसऱ्यांदा दिला आहे. पोच घेतली आहे. निकाल लागावयाचा आहे, आणि तो प्रतिकूल लागला तरी वाचनालयाची सभा पावसाळ्यापूर्वी व्हावयाचीच आहे.

तोवर चेंज रिपोर्टचे काम निकडीचे आहे. दिवंगत विश्वस्तांच्या कुटुंबीयांपैकी काही जण आज या सभागृहात आहेत. त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची प्रत वाचनालयाच्या चिटणिसांकडे द्यावी. ज्यांच्याकडे १९६० पूर्वीच्या सभांची इतिवृत्ते वा पावतीपुस्तके माळ्यावर पडून असतील त्यांनी ती रद्दीत न घालता आणावीत. कार्यालय रविवारी सकाळी नऊ ते बारा उघडे असते, आणि या महिन्याचे चारही रविवार मी तेथे बसणार आहे. जिना अडचणीचा आहे. खालून हाक मारलीत तर मी उतरून येईन.